ब्लॅकबर्नचा मॅनेजर आणि पुण्याचे धनी

पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीज या उद्योगसमूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये इंग्लंडातील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब विकत घेतल्याची वार्ता आली, तेव्हा आमच्या घरी जो आनंद झाला त्याला तर्काचा आधार फारसा नव्हता. आम्ही त्या कंपनीचे भागधारक नव्हतो आणि ब्लॅकबर्न नकाशात नेमके कोठे आहे हेही आम्हांस ठाऊक नव्हते. पण कंपनी पुण्याची, तिचे संस्थापक डॉ. बी. व्ही. राव आपल्या हैदराबादकडचे, आणि विकत घेतलेली वस्तू मात्र खास इंग्रजांची! इंग्लंडच्या सर्वोच्च साखळीतील क्लब भारतीय कंपनीच्या मालकीचा होण्याची ही पहिलीच वेळ. त्या दिवशी संध्याकाळी फिरावयास निघालेल्या आमच्या मित्रमंडळींत प्रत्येकाची छाती दोन अंगुळे फुगलेली होती. एकाने तर ईस्ट इंडिया कंपनीचा हिशेब चुकता झाल्याचे जाहीर करून टाकले.

हा उत्साह महिनाभरही टिकला नाही. १३ डिसेंबर रोजी नव्या मालकांनी क्लबचे मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाइस यांना नारळ दिला, आणि ब्लॅकबर्नचे लोक संतापले.

आमच्या स्नेह्यांचे चिरंजीव तेव्हा नोकरीनिमित्त प्रेस्टनला होते. ब्लॅकबर्न तेथून हाकेच्या अंतरावर. कचेरीतल्या सहकाऱ्यांच्या नादाने ते शनिवारी सामन्यांना जाऊ लागले होते. त्यांनी फोनवर सांगितले, "काका, गेल्या महिन्यात मी पुण्याचा म्हटल्यावर लोक मला चहा पाजत होते. आता मी हैदराबादचा आहे असे सांगत असतो."

आम्हांस प्रथम या संतापाचे नवल वाटले. मालकाने नोकर बदलला, यात एवढे काय? म्हणून थोडी चौकशी केली. जे कळले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते, कारण त्यात आमचीही एक जुनी चूक आम्हांस भेटली.

ब्लॅकबर्न हे लँकेशायर परगण्यातील कापडगिरण्यांचे गाव. गिरण्या बंद पडल्यास आता बराच काळ लोटला; त्यांतील अखेरच्या पाळ्यांवर आपल्याकडील भरूच-सुरत भागातून गेलेली कितीतरी माणसे राबली. गांधीजी १९३१ साली लँकेशायरच्या बेकार कामगारांना भेटावयास गेले होते ते डार्वेन गाव याच्याच शेजारचे. अशा गावात १८७५ साली हा क्लब निघाला. १८८८ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापक संघांत तो होता, आणि इवूड पार्क या मैदानावर तो १८९० पासून खेळत आला आहे. म्हणजे त्या गावात पणजोबांनी ज्या फलाटावर उभे राहून आरडाओरडा केला, तेथेच पणतू करतो. धंदे बुडाले, माणसे पांगली; शनिवार तेवढा राहिला.

क्लबला एक धनी पूर्वीही लाभला होता. जॅक वॉकर हे ब्लॅकबर्नचेच सुपुत्र. पोलादाच्या धंद्यात त्यांनी अलोट पैसा मिळविला आणि १९९१ साली क्लब हाती घेऊन तो पैसा मोकळ्या हाताने तेथे ओतला. केनी डॅल्ग्लिश यांच्यासारखा मॅनेजर आणला, अ‍ॅलन शिअररसारखा खेळाडू आणला, आणि १९९५ साली त्या लहानशा गावाने प्रीमियर लीगचे अजिंक्यपद मिळविले. २००० मध्ये वॉकर वारले. पुढे दहा वर्षे त्यांच्या विश्वस्तांनी क्लब सांभाळला आणि अखेर सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना पुणेकरांच्या स्वाधीन केला.

आता मॅनेजर म्हणजे काय, तेही सांगावयास हवे. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की बँकेतील काचेची खोली डोळ्यांपुढे येते. इंग्लंडातील फुटबॉलचा मॅनेजर हा शिक्षक, सेनापती आणि घरातला वडील पुरुष असे तिन्ही असतो. हैदराबादकरांना हे समजावयास अवघड नाही. आपल्या सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला, त्या संघाचे प्रशिक्षक रहीमसाहेब येथील जुन्या लोकांच्या मनात कोणत्या जागी होते, हे ज्यांनी ऐकले असेल त्यांना निराळे सांगणे नको. १९६२ साली भारताला आशियाई सुवर्णपदक मिळवून देणारे ते हेच. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले. पण आजही एखादा वृद्ध रसिक संघाआधी त्यांचे नाव घेतो.

अ‍ॅलरडाइस हे काही रहीमसाहेब नव्हेत. देह धिप्पाड, बोलणे रोखठोक, आणि खेळाची पद्धत तर रसिकांना नाक मुरडावयास लावणारी: चेंडू उंच हाणावा, आडदांड गड्यांनी तो डोक्यावर घ्यावा, आणि धक्काबुक्कीत जे पदरी पडेल ते पवित्र मानावे. पण डिसेंबर २००८ मध्ये ते आले तेव्हा वीस संघांच्या साखळीत ब्लॅकबर्न एकोणिसावे होते. तळाचे तीन संघ दरवर्षी खालच्या साखळीत ढकलले जातात. लहान गावाला हे ढकलले जाणे म्हणजे उत्पन्न, खेळाडू आणि अब्रू या तिहींवर पाणी सोडणे होय. अ‍ॅलरडाइस यांनी त्या मोसमात संघाला पंधराव्या स्थानी आणले, पुढच्या मोसमात दहाव्या. त्यांना काढले त्या दिवशी संघ तेरावा होता. आदल्याच दिवशी बोल्टनकडून २-१ असा पराभव झाला होता, आणि बोल्टन हा योगायोगाने त्यांचाच जुना संघ. एका पराभवावरून माणूस काढला असे कोणीच मानले नाही; निर्णय आधीच ठरलेला असावा असेच सर्वांस वाटले. मँचेस्टर युनायटेडचे अ‍ॅलेक्स फर्ग्युसन या निर्णयावर उघडपणे तुटून पडले.

प्रेस्टनच्या चिरंजीवांनी सांगितलेली एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. इवूड पार्कवर त्यांच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसत. अ‍ॅलरडाइस यांच्या खेळपद्धतीला शिव्या देण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मॅनेजर गेल्यावर हेच गृहस्थ सर्वांत अधिक भडकलेले! चिरंजीवांनी भीत भीत कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "तो मलाही आवडत नव्हता. पण तो आमचा नावडता होता."

वाचकहो, या वाक्यावर आम्ही बराच वेळ थांबलो. खरे पाहता त्या वृद्धाला मॅनेजर ठेवण्या-काढण्याचा अधिकार पूर्वीही नव्हता. तो वॉकर यांचा होता, मागाहून विश्वस्तांचा. वॉकर यांनीही माणसे काढलीच असतील. पण ते त्याच गावचे. त्यांचा निर्णय चुकला तर त्यांनाही त्याच थंडीत बसून तो पराभव पाहावा लागे. आता निर्णय घेणारे पाच हजार मैलांवर होते. चुकले तर त्यांना लागणार कोठे?

येथे आम्हांस आमची चूक आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वी आपल्यातीलच एका संस्थेच्या वाचनालयाची नवी कार्यकारिणी निवडून आली, तीत आम्ही होतो. छप्पर गळत होते. आम्ही वर्गणी जमवून, पदरचे घालून ते दुरुस्त केले. नवी कपाटे आणली. आणि त्याच उत्साहाच्या भरात तेथील वृद्ध ग्रंथपालांना एक शाल व श्रीफळ देऊन निरोप दिला. ग्रंथपाल तिरसट होते. पुस्तक एक दिवस उशिरा आले तर चारचौघांत नाव घेऊन दंड सांगत. आमच्या सौभाग्यवतींनी तर त्यांच्या धाकाने दोन वर्षे वाचनालयाची पायरी चढली नव्हती. त्यांच्या जाण्याने सभासद आम्हांस दुवा देतील अशी आमची खात्री होती. आठ दिवसांत चाळीस सह्यांचे निवेदन आले. पहिली सही घरचीच होती!

आम्ही तेव्हा रागावलो होतो, हे कबूल केले पाहिजे. छप्पर कोणी दुरुस्त केले? पैसा कोणी आणला? हे विचारणारे कोण? म्हणूनच ब्लॅकबर्नच्या नव्या धन्यांना केवळ खलनायक ठरविण्यास आमची लेखणी धजत नाही. अनुराधा देसाई व त्यांचे बंधू यांनी क्लब लुटण्यासाठी घेतला, असे म्हणण्यास आधार नाही. उलट पुढील वर्षांत त्यांनी त्यात फार मोठ्या रकमा घातल्या आणि तोटा सोसला. त्यांना खेळ अधिक देखणा हवा होता, नाव मोठे व्हावयास हवे होते. पण कुक्कुटपालनाच्या धंद्यात जो निर्णय पुण्याच्या कचेरीत बसून घेता येतो, तो तसाच येथेही घेता येईल अशी त्यांची समजूत झाली असावी. गावात ज्याला विचारावे असा माणूस हाताशी होता, तो अध्यक्ष जॉन विल्यम्स. फेब्रुवारी २०११ मध्ये तेही पायउतार झाले. जुन्या घरात आलेल्या नव्या सूनबाईंनी पहिल्याच महिन्यात स्वयंपाकीण आणि कारभारी दोघांनाही रजा द्यावी, तसे हे झाले.

अ‍ॅलरडाइस यांच्या जागी त्यांचेच एक साहाय्यक, स्टीव्ह कीन यांना बसविण्यात आले. प्रथम तात्पुरते, मग कायमचे. पहिल्या मोसमात संघ अखेरच्या दिवशी कसाबसा तगला. पण पुढल्या वर्षी पराभवांमागून पराभव आले, आणि कीन यांना घालवा असे फलक घेऊन मोर्चे निघू लागले. त्या काळात खेळाडू मालकांच्या कंपनीची कोंबडी खात असल्याची एक जाहिरात झळकली होती. तिची तर गावात मनसोक्त टवाळी झाली. आम्हांस कीन यांची थोडी कीवच येते. त्यांना मिळालेली खुर्ची त्यांनी ओढून घेतलेली नव्हती. पण जो दुसऱ्याच्या रिकाम्या पाटावर बसतो, त्याच्या ताटाकडे सारी पंगत डोळे वटारून पाहते.

७ मे २०१२ रोजी, मुसळधार पावसात, विगनकडून घरच्याच मैदानावर १-० असा पराभव होऊन ब्लॅकबर्न खालच्या साखळीत गेले. त्या सामन्यात कोणीतरी क्लबच्या रंगांचे वस्त्र गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तिचे छायाचित्र छापले. आम्हीही हसलो, पण ती मैदानावर भांबावून उभी असलेली कोंबडी पाहून आमच्या सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या की, या मुक्या जिवाने कोणाचे काय घोडे मारले होते?

कीन यांनी त्याच सप्टेंबरात राजीनामा दिला. पुढचे मॅनेजर हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले, त्यानंतरचे मायकेल अ‍ॅपल्टन ६७ दिवस. आमच्याकडे मोलकरीणसुद्धा याहून अधिक टिकते. २०१७ साली संघ आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या साखळीत गेला, आणि टोनी मोब्रे यांच्या हाताखाली २०१८ मध्ये एक पायरी वर आला. हे मोब्रे मात्र पाच वर्षे राहिले, पण अ‍ॅलरडाइस यांच्या वेळची ती पहिली साखळी काही त्यांनाही गाठता आली नाही.

या साऱ्या काळात लोकांनी केलेल्या निषेधांपैकी एक आम्हांस फार हृद्य वाटला. २०१६ साली एका सामन्यास कित्येक प्रेक्षक तिकीट काढूनही वेळेवर आत गेले नाहीत. ते अठराव्या मिनिटाला आत शिरले आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून निघून गेले. अठरा आणि पंचाहत्तर, म्हणजे क्लबचे जन्मवर्ष. कोणाला दगड मारला नाही की खुर्ची मोडली नाही. आमच्या वाचनालयातही असेच झाले होते. निवेदनाला आम्ही उत्तर दिले नाही, तेव्हा कोणी भांडावयास आले नाही. रविवारी सकाळी वर्तमानपत्रे वाचावयास येणारी मंडळी येईनाशी झाली, इतकेच. नव्या छपराखाली नवी कपाटे आणि आम्ही. तीन महिन्यांनी आम्ही ग्रंथपालांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, परत येण्यास नकार दिला, आणि आमच्याकडे राहिलेल्या दोन पुस्तकांची आठवण करून दिली.

प्रेस्टनचे चिरंजीव आता तेथेच स्थायिक झाले आहेत. गेल्या खेपेस ते सहकुटुंब हैदराबादला आले, तेव्हा त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात निळा-पांढरा लोकरी मफलर होता, आणि तोही भर एप्रिलात. घामाने निथळत होता, पण काढू देईना. आम्ही त्याला मांडीवर घेऊन संघाची चौकशी केली. उत्तर न देता त्याने आमच्याकडे संशयाने पाहिले आणि विचारले, "आजोबा, तुम्ही पुण्याचे का?"

"नाही रे बाळा," आम्ही घाईघाईने म्हणालो, "आम्ही इथलेच."