गटारातून थेट मांडवीत
गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात. पणजीतील रस्त्यांवरचे बरेचसे पाणी सांतिनेज खाडीमार्गे मांडवीला मिळते. सांडपाण्याप्रमाणे त्यावर प्रक्रिया होत नाही. मान्सूनपूर्व गटारसफाईमुळे पाणी तुंबणे टळते, प्रदूषण नव्हे. उलट गाडी धुतल्याचा साबण, सांडलेले इंजिन ऑइल आणि प्लास्टिक अधिक वेगाने नदीत पोहोचते. म्हणूनच पहिल्या सरीपूर्वी दारासमोरचा केर उचलणे, गाडी मातीच्या जागेवर किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये धुणे, जुने तेल गॅरेजकडे सोपविणे ही कामे नागरिकांनीच करावयाची आहेत. गटारात टाकलेले नाहीसे होत नाही; ताटात मासळी देणाऱ्या नदीतच ते जाते.