मूळ प्रश्नाचा निकाल कधी?

सत्तास्थानावरील व्यक्तीवर भ्रष्टाचाराचा आरोप होतो, तेव्हा न्यायालयापुढे दोन प्रकारचे प्रश्न उभे राहतात. आरोप खरा आहे काय, हा एक प्रश्न. फिर्याद कोणी करावी, मंजुरी कोणी द्यावी, खटला कोणत्या न्यायालयात चालावा, हे दुसऱ्या प्रकारचे प्रश्न. समाजाला पहिल्याचे उत्तर हवे असते. कायद्याला मात्र दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे आधी द्यावी लागतात. कायद्याच्या राज्याचे हे पथ्य आहे आणि ते पाळलेच पाहिजे. परंतु पथ्य सांभाळण्यातच वर्षे निघून गेली आणि मूळ व्याधीची परीक्षा राहूनच गेली, तर त्याला न्याय म्हणावे काय? महाराष्ट्राने हा अनुभव एकदा पुरेपूर घेतला आहे. त्यातून निघालेला धडा आजही जुना झालेला नाही.

तो काळ सिमेंटच्या टंचाईचा होता. सिमेंट नियंत्रित वस्तू होती. घर बांधू इच्छिणाऱ्या सामान्य माणसाला पोत्यांसाठी अर्ज करून महिनोन् महिने वाट पाहावी लागे. अशा काळात ज्याच्या लेखणीतून सिमेंटचा कोटा सुटतो, त्याच्या हाती केवढी सत्ता एकवटते हे वेगळे सांगायला नको. जून १९८० मध्ये बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत काही सार्वजनिक न्यास स्थापन झाले. त्यांपैकी एकाला तर तत्कालीन पंतप्रधानांचेच नाव होते. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि या न्यासांकडे येणाऱ्या देणग्यांचा आणि सिमेंटच्या वाटपाचा संबंध काय, हा प्रश्न देशभर विचारला जाऊ लागला.

लेख आला, विधिमंडळात आणि संसदेत गदारोळ झाला. एवढ्यावर प्रकरण थांबले असते, तर काही आठवड्यांत ते विस्मृतीतही गेले असते. तसे झाले नाही, कारण काही माणसांनी न्यायालयाची पायरी चढण्याचे कष्ट घेतले. प्रा. सामंत, मृणालताई गोरे प्रभृतींनी मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल केली. न्या. बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी निकाल दिला. बांधकाम व्यावसायिकांना मिळालेले सिमेंट आणि न्यासांना मिळालेल्या देणग्या यांत देवाणघेवाणीचा संबंध असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांना राजीनामा जाहीर करावा लागला. पुढे जे. जे. रुग्णालयातील औषधबळींच्या चौकशीत ज्यांचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले, तेच हे न्या. लेंटिन. सत्तेपुढे न वाकणारा एक न्यायाधीश काय करू शकतो, याचा तो वस्तुपाठ होता.

परंतु रिट याचिकेत प्रशासकीय निर्णयाची वैधता तपासली जाते. गुन्हा घडला की नाही आणि घडला असल्यास त्याला शिक्षा कोणती, हे ठरते फौजदारी न्यायालयात. ती वाट धरली मुंबईतील भारतीय जनता पक्षाचे कार्यकर्ते रामदास नायक यांनी. १ सप्टेंबर १९८१ रोजी, म्हणजे लेख प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांनी खटल्याच्या मंजुरीसाठी राज्यपालांकडे अर्ज केला. ११ सप्टेंबर रोजी फिर्यादही दाखल केली. मंजुरी नसल्यामुळे मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांनी लाचखोरीच्या कलमांची दखल घेण्यास नकार दिला. येथून सुरू झाला तो वाटेवरच्या अडसरांचा इतिहास.

पहिला अडसर मंजुरीचा. लोकसेवकाला खोट्या फिर्यादींचा त्रास होऊ नये म्हणून कायद्याने हे संरक्षण दिले. हेतू स्वच्छ आहे. मात्र आरोपी स्वतः मुख्यमंत्री असेल, तर राज्यपालांनी मंजुरीबाबत सल्ला कोणाचा घ्यायचा? त्याच मुख्यमंत्र्यांच्या मंत्रिमंडळाचा? जुलै १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले. अशा प्रसंगी राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावर विसंबू नये, स्वतःच्या विवेकाने निर्णय करावा, हे तत्त्व मान्य झाले. मंजुरी मिळाली, तीही जुलै १९८२ मध्येच. अर्जाला तोवर जवळजवळ अकरा महिने होऊन गेले होते.

९ ऑगस्ट १९८२ रोजी नायक यांनी विशेष न्यायाधीशांपुढे नव्याने फिर्याद दाखल केली. आता दुसरा अडसर पुढे आला. एखादा खासगी नागरिक अशी फिर्याद करू शकतो काय? त्यापाठोपाठ तिसरा अडसर. अंतुले मुख्यमंत्री राहिले नसले, तरी आमदार आहेतच. मग आमदार म्हणून वेगळी मंजुरी हवी की नको? २५ जुलै १९८३ रोजी विशेष न्यायाधीशांनी मंजुरीअभावी आरोपीला दोषमुक्त केले. सिमेंटचे पोते, देणगीचा धनादेश, साक्षीदाराचा शब्द यांपैकी कशाचीही परीक्षा झाली नव्हती.

१६ फेब्रुवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने न्या. डी. ए. देसाई यांच्या लेखणीतून हे सर्व अडसर दूर केले. गुन्हा हा समाजाविरुद्ध असतो, म्हणून कायद्याने स्पष्ट मनाई केली नसेल तेथे कोणीही नागरिक फिर्याद करू शकतो, असे न्यायालयाने सांगितले. ज्या पदाचा दुरुपयोग केल्याचा आरोप आहे, ते पदच सुटले असेल तर मंजुरीची गरज उरत नाही, हेही सांगितले. तत्कालीन कायद्यानुसार आमदार हा लोकसेवक ठरत नाही, असाही निर्वाळा दिला. देशातील प्रत्येक जागरूक नागरिकाच्या हाती या निकालाने एक साधन दिले आणि त्याचे श्रेय एका चिकाटीच्या फिर्यादीला जाते.

त्याच निकालाच्या अखेरीस एक आदेश होता. अडीच वर्षे उलटली तरी खटला जागचा हललेला नाही, हे पाहून घटनापीठाने तो विशेष न्यायाधीशांकडून काढून उच्च न्यायालयाकडे वर्ग केला आणि विद्यमान न्यायमूर्तींनी दैनंदिन सुनावणी घेऊन तो लवकर निकालात काढावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. हेतू शीघ्र न्यायाचाच होता. परंतु १९५२ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमानुसार असा खटला केवळ विशेष न्यायाधीशांपुढेच चालू शकत होता, आणि ही तरतूद आदेश देताना लक्षात घेतली गेली नाही.

उच्च न्यायालयात खटला उभा राहिला. पन्नासहून अधिक साक्षीदार तपासले गेले. न्यायमूर्ती बदलत गेले. आधी २१ आरोप निश्चित झाले आणि २२ नाकारले गेले; १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला; अखेर ७९ आरोप निश्चित झाले. मूळ प्रश्नाचे उत्तर आता मिळणार असे वाटत असतानाच २९ एप्रिल १९८८ हा दिवस उजाडला. सात न्यायमूर्तींच्या पीठाने पाच विरुद्ध दोन अशा बहुमताने १९८४ चा वर्ग करण्याचा आदेशच रद्द ठरवला. न्यायालयाच्या चुकीचा भुर्दंड कोणाही नागरिकाला पडता कामा नये, कायद्याने ठरवून दिलेले न्यायपीठ आणि अपिलाचा हक्क कोणाकडूनही हिरावता येत नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. उच्च न्यायालयातील सारी कार्यवाही त्यामुळे निरर्थक ठरली.

तत्त्व म्हणून बहुमताच्या निकालात दोष काढणे सोपे नाही. अप्रिय आरोपीलाही कायद्याने दिलेला प्रत्येक हक्क मिळालाच पाहिजे. आज तो एकाला नाकारला, तर उद्या निरपराध माणसालाही नाकारला जाईल, आणि आणीबाणी पाहिलेल्या पिढीला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पण न्या. वेंकटचलय्या यांचा भिन्न मताचा निकालही तितकाच विचार करायला लावणारा आहे. एका पीठाचा अंतिम आदेश पुनर्विलोकनाच्या ठरलेल्या मार्गाखेरीज दुसऱ्या पीठाने फिरवला, तर न्यायालयाच्या निकालांना अंतिमत्व उरणार कोठे, हा त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नाचे नीट उत्तर मिळायला २००२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच अंतिम निकालातील घोर अन्याय दूर करण्यासाठी 'क्युरेटिव्ह' याचिकेची वाट मर्यादित स्वरूपात मोकळी केली.

या सगळ्यात मूळ प्रश्नाचे काय झाले? ज्या प्रकरणामुळे मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले, त्या प्रकरणात त्यांच्यावर दोष कधीच सिद्ध झाला नाही. पुढे ते लोकसभेवर निवडून गेले, केंद्रात दोन वेळा मंत्री झाले आणि डिसेंबर २०१४ मध्ये निवर्तले. फिर्यादी रामदास नायक ऑगस्ट १९९४ मध्येच मुंबईत गुन्हेगारी टोळीच्या गोळ्यांना बळी पडले होते. अंतुले दोषी होते काय, याचे उत्तर आज कोणाही जबाबदार माणसाला द्यायचे असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ते निर्दोषच होते असे म्हणावे लागेल. मात्र या विलंबाने त्यांचेही हित साधले नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. आरोप खोटे असतील, तर एका माणसाला सात वर्षे संशयाच्या छायेत काढावी लागली. आरोप खरे असतील, तर समाजाची फसवणूक झाली. दोन्ही पक्षी न्याय हरला. जिंकला तो केवळ विलंब.

त्यानंतरच्या काळात परिस्थिती पालटली काय? काही बाबतींत निश्चित पालटली. १९८८ च्या नव्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली खासदार हेही लोकसेवकच आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्पष्ट केले. २ जी घोटाळ्यात तत्कालीन दूरसंचार मंत्र्यांविरुद्ध मंजुरी मागणारा डॉ. सुब्रमण्यम स्वामी यांचा अर्ज पंतप्रधान कार्यालयात सोळा महिन्यांहून अधिक काळ पडून राहिला. त्यावर ३१ जानेवारी २०१२ च्या निकालात न्यायालयाने कठोर शब्दांत नापसंती नोंदवली. लोकप्रतिनिधींवरील अशा खटल्यांचा निकाल आरोपनिश्चितीपासून वर्षभरात लागावा, असा आदेश २०१४ मध्ये निघाला. २०१७ मध्ये विशेष न्यायालयांचा निर्णय झाला, आणि २०२३ मध्ये या खटल्यांवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी उच्च न्यायालयांवर सोपवण्यात आली. मार्च २०२४ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने सभागृहातील मतासाठी वा भाषणासाठी लाच घेणाऱ्या लोकप्रतिनिधीला कोणतेही विशेषाधिकाराचे कवच नाही, असा निर्वाळा दिला.

याच्या दुसऱ्या बाजूकडे मात्र डोळेझाक करता येणार नाही. २०१८ च्या दुरुस्तीने मंजुरीचा निर्णय तीन महिन्यांत आणि फार तर आणखी एका महिन्यात व्हावा, असे कायद्यात आले. हे स्वागतार्हच होते. पण त्या मुदतीत निर्णय झाला नाही तर पुढे काय, याचे उत्तर कायद्याने दिले नाही. शिवाय त्याच दुरुस्तीने पद सोडलेल्या लोकसेवकालाही मंजुरीचे कवच मिळाले. म्हणजे रामदास नायक यांनी १९८४ मध्ये जे मिळवले होते, त्यातील एक महत्त्वाचा भाग कायद्यानेच काढून घेतला. प्रामाणिक अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर छळ सोसावा लागू नये, हा त्यामागचा युक्तिवाद खोटा नाही. तथापि सत्तेवर कोणताही पक्ष असो, कवच कोणासाठी शिवले आणि ते प्रत्यक्षात कोणाच्या अंगावर चढले, याचा हिशेब अधूनमधून मांडावाच लागतो. आपल्या विचारांचे सरकार आहे म्हणून हा हिशेब टाळणे, हे विचारनिष्ठेचे लक्षण नव्हे.

उपाय फार गूढ नाहीत. मुदतीत मंजुरी नाकारली गेली नाही, तर ती मिळाली असे मानले जावे, ही सूचना २०१२ च्या निकालातच संसदेसाठी केलेली आहे. फिर्यादीचा अधिकार, मंजुरी, न्यायालयाची अधिकारकक्षा हे सर्व प्राथमिक आक्षेप एकाच वेळी ऐकले जावेत आणि त्यांवरचे अपील ठरावीक मुदतीत संपावे. एकेक आक्षेप काढून प्रत्येकासाठी दिल्लीची वारी करण्याची मुभा राहिली, तर ज्याच्या खिशात मोठे वकील आहेत त्याचा खटला साक्षीपुराव्यापर्यंत पोहोचणे कठीणच. आणि शीघ्रतेसाठी उचललेले पाऊलही कायद्याच्या चौकटीतच पडले पाहिजे, हे १९८४ च्या त्या एका आदेशाने शिकवले आहे. घाईत टाकलेल्या एका पावलाने चार वर्षे मागे नेले.

राहता राहिला समाज. घोटाळ्याच्या बातमीवर चार दिवस संताप व्यक्त करणे सोपे असते. कागद जमवणे, अर्ज करणे, तारखांना हजर राहणे, नकार पचवून वरच्या न्यायालयात जाणे, हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला टाळ्या मिळत नाहीत. सामंत-गोरे समाजवादी, नायक भाजपचे. विचार भिन्न असूनही सार्वजनिक शुचितेच्या प्रश्नावर ही माणसे एकाच वाटेने चालली. त्यांच्या हाती शिक्षा आली नाही, पण कोणताही सामान्य नागरिक सत्ताधीशाविरुद्ध फिर्याद करू शकतो हे तत्त्व त्यांच्या श्रमांतून देशाला मिळाले. ते तत्त्व वापरणारे कार्यकर्ते जोवर गावोगावी निर्माण होत नाहीत, तोवर कायद्याच्या पुस्तकातील सुधारणा पुस्तकातच राहतील. न्यायालय न्याय देऊ शकते. तो मागण्याची चिकाटी समाजालाच दाखवावी लागते.