नाडीखालची जखम



कर्करोग म्हटला की आपल्याला तंबाखू आणि तोंड आठवते. पण कातडीलाही कर्करोग होतो आणि तो कमरेवर, परकराच्या नाडीखालीही होऊ शकतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. खानोलकर यांनी १९४५ सालीच धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या अशा कर्करोगाची नोंद केली होती. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक बाई चाळीस वर्षे परकराशिवाय लुगडे कमरेला आवळून नेसत होती. दोन वर्षे जखम भरली नव्हती. दाखवली तेव्हा रोग जांघेतील गाठीपर्यंत पोहोचला होता.

आपल्या रत्नागिरीत घाम भरपूर. त्यात रोज एकाच जागी नाडीचा काच. कातडी काळी पडते, खाजते, सोलते. घाबरू नका, प्रत्येक काळा वळ म्हणजे कर्करोग नव्हे. मात्र महिनाभर जखम भरली नाही, तिच्या कडा जाड झाल्या, रक्त येऊ लागले, तर मलमावर विसंबू नका.

डॉक्टर आधी जखमेचा लहान तुकडा काढून तपासतात. रोग ठरला तर मुख्य उपचार शस्त्रक्रिया. जखम आणि तिच्या भोवतीची थोडी निरोगी कातडी काढतात व कडांत रोग उरला नाही ना, हे तपासून पाहतात. जागा मोठी असेल तर मांडीची कातडी लावतात. जांघेत रोग गेला असेल तर तिथल्या गाठीही काढाव्या लागतात. शस्त्रक्रिया झेपत नसेल, किंवा रोग पुन्हा उलटण्याची भीती असेल, तर किरणोपचार देतात. आपल्याकडे त्यालाच ‘लाईट देणे’ म्हणतात.

आम्ही कारकून माणसे, हिशेब लगेच कळतो. लवकर गेलो तर चार टाके, उशिरा गेलो तर महिनोन्‌महिने दवाखाना. पैशाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार होतात. रेशनकार्ड घेऊन जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

खरी अडचण पैशाची नाही, लाजेची आहे. कमरेची जखम आई मुलाला सांगत नाही, सासू सुनेला दाखवत नाही. म्हणून लेकीसुनांनो, तुम्हीच विचारा. नाडी सैल बांधा, रुंद पट्टीची वापरा, गाठीची जागा बदला. आणि घरातल्या म्हातारीला या रविवारी एवढेच म्हणा : “आई, कंबर दाखव बघू.”