ब्रेख्तचे सहकारी आणि श्रेयाची वाटणी

जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त (१८९८–१९५६) याचे स्मरण त्याच्या सहकाऱ्यांमार्फत करू लागलो, की गौरवाबरोबर हिशेबही मांडावा लागतो.

‘थ्री पेनी ऑपेरा’ १९२८ साली बर्लिनमध्ये रंगभूमीवर आले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मुळे ते आपल्याला परिचित आहे. जॉन गेच्या ज्या इंग्रजी नाटकावर ते आधारले, त्याचा जर्मन अनुवाद एलिझाबेथ हाउप्टमान हिने केला होता. संगीत कुर्ट वाइलचे होते. उत्पन्नातील वाटे मात्र असे ठरले : ब्रेख्त ६२.५ टक्के, वाइल २५ टक्के, हाउप्टमान १२.५ टक्के. परागंदा काळातील त्याची सहकारी मार्गारेट स्टेफिन ही बर्लिनच्या कामगार कुटुंबातली. १९४१ साली ती मॉस्कोत क्षयाने वारली. तिचे नाव आज किती वाचकांना ठाऊक आहे?

एवढ्यावरून ब्रेख्तला लबाड ठरविणे उतावीळपणाचे होईल. या साऱ्यांना एकत्र आणणारी प्रतिभा त्याचीच होती. त्याच्या मृत्यूनंतर हाउप्टमानने त्याचे समग्र साहित्य संपादिले आणि पत्नी हेलेन वायगेल हिने १९७१ पर्यंत ‘बर्लिनर आन्सांब्ल’ ही नाट्यसंस्था चालविली. तथापि सहकाऱ्यांची निष्ठा म्हणजे त्यांच्या श्रमाचे मोल चुकते झाल्याची पावती नव्हे.

इतिहासात राजांची नावे आढळतात, मग दगड वाहणारे कोठे गेले, असा प्रश्न ब्रेख्तच्याच एका कवितेतील कामगार विचारतो. तोच प्रश्न ब्रेख्तच्या ग्रंथांनाही विचारणे, हीच त्याला खरी आदरांजली ठरेल.