विश्लेषण : वाळवंटाच्या काठावर पाइनचे जंगल... हिरवाईचा हिशेब काय सांगतो?

वाळवंट हिरवे करण्याच्या स्वप्नाची भुरळ राज्यकर्त्यांना नेहमीच पडत आली आहे. सौदी अरेबियाने २०२१ मध्ये आपल्या भूमीवर एक हजार कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. सहाराच्या दक्षिण सीमेवर आफ्रिकी देश ‘ग्रेट ग्रीन वॉल’ उभारण्याच्या प्रयत्नात आहेत. अशा योजनांची चर्चा निघाली की इस्रायलमधील यातिर या जंगलाचे नाव पुढे येतेच. रखरखीत उतारांवर सदाहरित पाइन उभे राहू शकतात, हे यातिरने सिद्ध केले यात वाद नाही. पण झाड जगले म्हणजे योजना यशस्वी झाली का? याचे उत्तर त्याच जंगलात झालेल्या संशोधनातून मिळते आणि ते वृक्षारोपणाच्या उत्साहाला आवर घालणारे आहे.

यातिर नेमके कुठे आहे?

हेब्रॉनच्या डोंगररांगा दक्षिणेकडे उतरत जातात आणि नेगेवचे वाळवंट सुरू होते, त्या सीमेवर सुमारे ६५० मीटर उंचीवर हे जंगल आहे. १९६४ पासून तेथे ज्यू राष्ट्रीय निधी या संस्थेने लागवड सुरू केली. आज सुमारे २८ चौरस किलोमीटरवर चाळीस लाखांच्या आसपास झाडे लावली गेल्याचे सांगितले जाते आणि त्यांत बहुसंख्य ‘अलेप्पो पाइन’ आहेत. वर्षाचा सरासरी पाऊस जेमतेम २८० मिलिमीटर. आपल्याकडच्या माण-खटावसारख्या दुष्काळी पट्ट्यातही यापेक्षा जास्त पाऊस पडतो. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. यातिर वाळवंटात नाही, वाळवंटाच्या काठावर आहे. त्याच्या दक्षिणेला पाऊस झपाट्याने कमी होत जातो आणि तेथे सिंचनाशिवाय पाइनचे जंगल उभे राहू शकत नाही.

पाइन तेथे जगतो कसा?

पाइन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिमालयातला बर्फ येतो. अलेप्पो पाइन मात्र भूमध्य समुद्राभोवतीच्या उन्हाळ्याला सरावलेला वृक्ष आहे. सुईसारख्या पानांवर मेणाचा थर असतो, त्यामुळे पाणी कमी उडते. कोरड्या महिन्यांत तो पर्णरंध्रे बरीचशी मिटून घेतो आणि वाढ जवळपास थांबवतो. मुळे खडकांच्या भेगांत शिरून तेथली ओल शोधतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेथील पाऊस हिवाळ्यात पडतो. थंडीत बाष्पीभवन कमी, त्यामुळे थोडा पाऊसही जमिनीत मुरतो आणि झाडाच्या उपयोगी पडतो. युरोपातली पाइनची जंगले उन्हाळ्यात जोमाने वाढतात, तर यातिरचे पाइन हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंतात. म्हणूनच ‘तिथे २८० मिलिमीटरमध्ये जंगल झाले, मग आमच्याकडे का नाही?’ हा प्रश्न फसवा आहे. पाऊस किती पडतो याइतकेच तो कोणत्या ऋतूत पडतो यालाही महत्त्व आहे. शिवाय या जंगलात पडणारा जवळपास सगळा पाऊस झाडे आणि बाष्पीभवन मिळून परत हवेत सोडतात, भूजलासाठी फारसे काही उरत नाही. एवढे करूनही गेल्या दोन दशकांतल्या दुष्काळी वर्षांत काही भागांतील झाडे वाळून गेलीच.

हवामानाला फायदा किती?

इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील दान याकिर आणि त्यांचे सहकारी २००० सालापासून या जंगलाचा श्वासोच्छ्वास मोजत आहेत. जंगलात उभारलेल्या मनोऱ्यावरील उपकरणे कार्बन, बाष्प आणि उष्णता यांची सतत नोंद घेतात. पहिला निष्कर्ष सुखद होता. हे विरळ, तहानलेले जंगल वर्षाला दर हेक्टरी दोन टनांहून अधिक कार्बन शोषते, म्हणजे युरोपातील पाइनच्या जंगलांच्या तोडीस तोड.

दुसरा निष्कर्ष मात्र अडचणीचा निघाला. उघडी, फिकट रंगाची जमीन बरेचसे ऊन परत आकाशात धाडते. त्यावर गडद हिरवे जंगल उभे केले की तेच ऊन शोषले जाते. जंगलाचा पृष्ठभाग आजूबाजूच्या उघड्या जमिनीपेक्षा थंड असतो, त्यामुळे त्यातून अवकाशात जाणारे उष्णतेचे उत्सर्जनही घटते. झाडाखाली उभ्या माणसाला गारवा लागतो, तो खराच आहे. पण शोषलेली उष्णता नाहीशी होत नाही, वाऱ्याबरोबर वरच्या हवेत जाते. स्थानिक गारवा आणि पृथ्वीच्या खात्यात जमा होणारी जादा उष्णता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ही जादा उष्णता फेडण्याइतका कार्बन साठवायला अशा जंगलाला कित्येक दशके लागतात, असे याकिर आणि एयाल रोटेनबर्ग यांनी २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले.

२०२२ मध्ये याच गटाने जगभरचा हिशेब मांडला. वनीकरण शक्य असलेली सुमारे ४४.८ कोटी हेक्टर कोरडी जमीन त्यांनी विचारात घेतली. ती सगळी झाडांखाली आणली, तर या शतकाच्या अखेरपर्यंत सुमारे ३,२३० कोटी टन कार्बन शोषला जाईल. पण त्यातला २,२६० कोटी टनांचा वाटा जमीन गडद झाल्यामुळे वाढणारी उष्णता फेडण्यातच खर्ची पडेल. उरणारा निव्वळ फायदा त्या काळातील अपेक्षित उत्सर्जनाच्या सुमारे एक टक्का. थोडक्यात, कोळसा आणि तेल जाळत राहायचे आणि वाळवंटात झाडे लावून पापक्षालन करायचे, हा व्यवहार जमत नाही.

अल्जीरियात काय घडले?

सहाराला रोखण्यासाठी अल्जीरियाने १९७० च्या दशकात ‘हरित धरण’ हाती घेतले. मोरोक्कोच्या सीमेपासून ट्युनिशियाच्या सीमेपर्यंत सुमारे १,५०० किलोमीटर लांबीचा आणि सरासरी २० किलोमीटर रुंदीचा हा पट्टा. राष्ट्रीय सेवेतील तरुण सैनिकांना लागवडीला जुंपले गेले. झाड निवडले तेच, अलेप्पो पाइन आणि बहुतेक ठिकाणी एकटेच. अनेक भागांत पाऊस अपुरा, माती उथळ आणि गुरे चारणाऱ्या स्थानिकांना विश्वासात घेतलेले नाही. बरीच रोपे मेली आणि जी जगली त्यांच्यावर पाइनच्या सुया फस्त करणाऱ्या सुरवंटांनी ताव मारला. पुढे या योजनेत वेगवेगळ्या प्रजाती आणि चराऊ कुरणांचा समावेश करण्यात आला. एका झाडावर सगळी मदार ठेवली की एक कीडही सगळे उद्ध्वस्त करायला पुरेशी ठरते, हा धडा तेथे महागात शिकला गेला.

त्या जागेवर आधी कोण होते?

‘ओसाड’ हा शब्द वापरताना आपण फार घाई करतो. उत्तर नेगेवच्या पिवळसर मातीत एक छोटा सरडा राहतो. बीरशेबा शहराच्या नावाने ओळखला जाणारा हा सरडा जगात अन्यत्र सापडत नाही. त्याला मोकळी जमीन हवी असते. तेथे झाडे लावल्यावर खाटीक पक्ष्यासारख्या शिकाऱ्यांना टेहळणीसाठी उंच बैठक मिळाली. झाड म्हणजे धोका, हे त्या सरड्याला पिढ्यान्‌पिढ्या कधी शिकावेच लागले नव्हते. दरोर हावलेना आणि अमोस बुस्किला यांच्यासारख्या इस्रायली संशोधकांनी अशा लागवडीचा या सरड्यावर होणारा घातक परिणाम नोंदवला आहे.

माणसांचेही तेच. नेगेवमधील बदाऊन अरबांच्या दृष्टीने वनीकरण हा जमिनीच्या हक्काचा प्रश्न आहे. आपण कसत असलेली जमीन झाडांच्या नावाखाली हातची जाते, अशी त्यांची तक्रार आहे. जानेवारी २०२२ मध्ये अशाच लागवडीविरोधात तेथे मोठी निदर्शने झाली आणि त्याचे पडसाद तत्कालीन आघाडी सरकारपर्यंत पोहोचले. रोपटे निरागस असते, पण ते कोणाच्या जमिनीत आणि कोणाला विचारून लावले, हा प्रश्न निरागस नसतो.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे?

आपल्याकडे वाळवंट नाही आणि माळावर कोणी पाइन लावायला निघालेले नाही. मात्र यातिरने उभे केलेले प्रश्न आपल्याला थेट लागू होतात. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे, साताऱ्याच्या कोरड्या पट्ट्यातील माळरानांची सरकारदरबारी ओळख बहुधा ‘पडीक जमीन’ अशीच आहे. तेथे कोट्यवधींची उद्दिष्टे घेऊन वृक्षलागवड झाली. २०१९ मध्ये तर राज्याचे लक्ष्य ३३ कोटी झाडांचे होते. अनेक माळांवर गिरिपुष्पासारखी परदेशी, झपाट्याने वाढणारी झाडे लावली गेली. पण माळरान म्हणजे बिघडलेले जंगल नव्हे. ती लांडगा, काळवीट, तणमोर आणि धाविक यांची घरे आहेत, धनगरांच्या मेंढरांचे चराऊ रान आहे. नान्नजचे अभयारण्य ज्याच्यासाठी आहे, त्या माळढोकालाही मोकळे गवताळ रानच लागते. शिवाय गवत आपला बराचसा कार्बन जमिनीखाली, मुळांत आणि मातीत साठवते. फोटोत तो दिसत नाही, म्हणून तो हिशेबातही धरला जात नाही.

मग झाडे लावूच नयेत का?

लावावीत, पण जागा पाहून. गावात, शाळेत, बांधावर, ओढ्याकाठी, तोडल्या गेलेल्या जंगलात सावलीला आणि लाकूडफाट्याला पर्याय नाही. नेगेवमध्येही पावसाचे वाहते पाणी छोट्या बंधाऱ्यांत अडवून तेवढ्या जागेपुरती झाडे वाढवण्याची पद्धत आहे. जेथे पाणी साचते तेथेच झाड, हा साधा विवेक त्यामागे आहे. आक्षेप आहे तो खड्डे आणि रोपे मोजून यश जाहीर करण्याच्या सवयीला. कोणत्याही कोरड्या जमिनीवर लागवड करण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे लेखी द्यायला हवीत : येथे आधी काय होते, पाणी कोठून येणार, ही जमीन कोण वापरते आणि पन्नास वर्षांनी या झाडांचे काय होणार? यातिरचे पाइन साठ वर्षे उभे आहेत याचे श्रेय जेवढे ती झाडे लावणाऱ्यांचे, तेवढेच त्यांचा जमाखर्च प्रामाणिकपणे मांडणाऱ्या संशोधकांचे आहे. आपण लागवडीचे आकडे तेवढे घेतो. जमाखर्चाची वहीही घ्यायला हवी.