बेकारीचा भत्ता आणि भाईंदरचा कामगार



महामारीला आता काही वर्षे लोटली. टाळेबंदीचे दिवस लोक विसरू लागले आहेत. ज्यांचे त्यात काही बुडाले नाही त्यांना विसरणे सोपेही जाते. परंतु त्या दिवसांत कामगाराच्या मजुरीचे काय झाले, कायद्याने त्याला काय दिले आणि काय नाकारले, याचा हिशेब मांडल्यावाचून पुढच्या संकटात आपण नेमके काय मागावे हे आपणांस कळणार नाही. म्हणून हा विषय आज मुद्दाम आपल्यापुढे ठेवीत आहोत.

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी पुकारण्यात आली. त्यापूर्वीच, १३ मार्च रोजी, महाराष्ट्र सरकारने १८९७ चा साथरोग कायदा राज्यात लागू केला होता. मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातले तेव्हा इंग्रज सरकारने केलेला हा कायदा. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. प्रवासी तपासावेत, रोग्यास वेगळे ठेवावे, हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा करावी, हुकूम बजावणाऱ्या अंमलदारास संरक्षण द्यावे, एवढे सर्व त्या चार कलमांत बसले. सरकारच्या हुकमाने ज्याचा रोजगार बंद पडला त्याने काय खावे, याविषयी त्यात एक अक्षरही नाही. परकी सरकारकडून तशी अपेक्षा कोणी केली नसेल. परंतु २०२० साली आपल्याच सरकारने या कायद्यात दुरुस्ती केली. डॉक्टर व परिचारिका यांच्यावर हात टाकणाऱ्यास कडक शिक्षा ठेवली, आणि ते योग्यच झाले. मजुरीचे कलम घालण्याची आठवण मात्र तेव्हाही कोणास झाली नाही.

मीरा-भाईंदर हे आठ लाखांहून अधिक वस्तीचे शहर. त्याच्या कामगारवर्गाचे ढोबळपणे दोन भाग पडतात. एक भाग शहरातच राबतो. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे लहानलहान कारखाने आहेत. पत्रा कापणे, तो प्रेसवर घडविणे, भांड्याला पॉलिश मारणे, ही कामे एकेका गाळ्यात मोजकी माणसे करतात. आपल्या घरातल्या ताटवाट्यांपैकी कोणती भाईंदरच्या गाळ्यातून आली हे आपणांस ठाऊक नसते, आणि ती घडविणाऱ्याचे नाव तर त्या गाळ्याच्या हजेरीपटावरही असेलच असे नाही. दुसरा भाग पहाटेची लोकल पकडून मुंबईत जातो. दुकानातील नोकर, पहारेकरी, सफाईवाले, रुग्णालयातील आया, कार्यालयातील शिपाई असे हे लोक होत. पहिल्याचा गाळा बंद झाला आणि दुसऱ्याची गाडी बंद झाली. जुलै २०२० च्या पहिल्या पंधरवड्यात तर महानगरपालिकेने शहरात पुन्हा एकदा कडक टाळेबंदी लावली. म्हणजे इतरत्र दारे किलकिली होत असताना येथला कामगार दुसऱ्यांदा घरी बसला.

आता कायद्याचे काय झाले ते पहा. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहखात्याने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला की, आस्थापना बंद असली तरी मालकाने कामगारास पूर्ण वेतन विनाकपात व ठरल्या दिवशी द्यावे. ३१ मार्च रोजी महाराष्ट्र सरकारनेही तशाच आशयाचा निर्णय काढला. वाचणाऱ्याला वाटावे की कामगाराची चिंता मिटली. परंतु मालकांच्या संघटना व कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १७ मे रोजी केंद्राने तो आदेश स्वतःच मागे घेतला. आदेशाचे आयुष्य बरोबर पन्नास दिवसांचे ठरले. १२ जून रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, त्याचा मथितार्थ असा की, वेतन न देणाऱ्या मालकावर सक्तीची कारवाई करू नये, आणि त्या पन्नास दिवसांच्या वेतनाबाबत मालक व कामगार यांनी आपसांत वाटाघाटी कराव्यात. न जमल्यास कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांकडे जावे.

वाटाघाटी! ज्या गाळ्यात आठ माणसे काम करतात, संघटना नाही, नेमणुकीचे पत्र नाही, वेतनाची चिठ्ठी नाही, तेथे वाटाघाटी कोणी कोणाशी करावयाच्या? ज्याच्या घरी पीठ संपले आहे त्याच्याशी मालकाने वाटाघाट करावयाची म्हणजे त्याने जे दिले ते मुकाट्याने घ्यावयाचे. न्यायासनाविषयी पूर्ण आदर ठेवूनही असे म्हणणे भाग आहे की, दोन्ही पक्ष समान आहेत असे गृहीत धरल्याने ते समान होत नाहीत.

याच सुमारास औरंगाबाद खंडपीठाने दिलेले दोन निर्णय मात्र आपण ध्यानात ठेवले पाहिजेत. तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिर संस्थानात कंत्राटदारामार्फत पहारा व सफाईचे काम करणाऱ्यांना टाळेबंदीत वेतन कापून देण्यात येत होते. राष्ट्रीय श्रमिक आघाडीने त्यांची बाजू न्यायालयात नेली. १२ मे २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की, ‘काम नाही तर दाम नाही’ हे तत्त्व अशा विलक्षण परिस्थितीत लावता येणार नाही. भोजन व प्रवास यांचे भत्ते वगळून पूर्ण वेतन द्यावे. ज्यांना देवळाचा उंबरठा झाडावयास मिळतो परंतु आस्थापनेच्या पटावर जागा मिळत नाही, अशा माणसांच्या बाजूने हा निर्णय झाला, ही गोष्ट लहान नव्हे.

दुसरा निर्णय त्याआधीचा, ३० एप्रिलचा. त्यातही वेतन देण्याचे तत्त्व न्यायालयाने मानले. परंतु जेथे टाळेबंदी उठली असेल तेथे कामगाराने कामावर हजर व्हावे, आणि तो स्वेच्छेने गैरहजर राहिल्यास मालकास वेतन कापता येईल, अशी पुस्ती जोडली. ऐकावयास हे रास्त वाटते. परंतु ‘स्वेच्छेने’ हा शब्द भाईंदरच्या फलाटावर उभे राहून वाचा. मार्च २०२० च्या अखेरीस उपनगरी गाड्या बंद झाल्या. १५ जूनला त्या पुन्हा सुरू झाल्या त्या केवळ अत्यावश्यक सेवेतील नोकरांसाठी. सर्वच सामान्य उतारूंना लोकलमध्ये पाऊल ठेवण्यास १ फेब्रुवारी २०२१ उजाडावा लागला, आणि तेही ठरावीक वेळांतच. मधल्या सात-आठ महिन्यांत मुंबईतील दुकाने, कार्यालये टप्प्याटप्प्याने उघडली. मालक म्हणाला, या. रेल्वे म्हणाली, येऊ नका. तुटपुंज्या पगाराच्या माणसाने दहिसरचा नाका ओलांडून रोज दादर गाठावे तरी कसे? त्याच्या या गैरहजेरीस स्वेच्छा कोणत्या न्यायाने म्हणावयाचे?

येथे बेकारीच्या भत्त्याचा प्रश्न येतो. अशा भत्त्याची योजना आपल्या देशात आहे, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने १ जुलै २०१८ पासून ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ सुरू केली. विमेदार कामगार बेकार झाल्यास त्यास सरासरी दैनिक वेतनाच्या पंचवीस टक्के रक्कम, जास्तीत जास्त नव्वद दिवस, आणि तीही आयुष्यात एकदाच. अर्ज मालकामार्फत पाठवावयाचा, आणि भत्ता बेकारीला नव्वद दिवस उलटल्यावर. ज्याने नोकरीवरून काढले त्याच्याच सहीने बेकारीचा अर्ज पुढे जावयाचा, ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली त्याने कामगार कधी जवळून पाहिला असेल असे वाटत नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये महामंडळाला जाग आली. २४ मार्च २०२० पासून बेकार झालेल्यांसाठी भत्ता पन्नास टक्के झाला, वाट पाहण्याची मुदत तीस दिवसांवर आली, आणि अर्ज थेट शाखा कार्यालयात देण्याची मुभा मिळाली. ही सवलत त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत होती; पुढे तिची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली. प्रारंभी प्रतिज्ञापत्राची अट होती, तीही काही महिन्यांनी काढली. सुधारणा चांगली, यात संशय नाही. तथापि टाळेबंदी मार्चमध्ये लागली आणि सुधारणा ऑगस्टमध्ये आली, हे पाच महिने कामगाराने वाऱ्यावर काढले.

थोडे गणित करून पाहू. बारा हजार रुपये मासिक वेतनाच्या कामगाराचा रोज चारशे रुपये धरा. जुन्या दराने त्यास दिवसाला शंभर रुपये, नव्वद दिवसांचे नऊ हजार. नव्या दराने दोनशे, म्हणजे अठरा हजार. जुलै २०१९ पासूनच्या दरांनी त्याच्या वेतनातून विम्यासाठी पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जमा होतात. मिळून महिना चारशे ऐंशी रुपये. दोन वर्षांचे अकरा हजार पाचशे वीस झाले. त्यातून औषधोपचारही होतो हे खरे. परंतु हा भत्ता म्हणजे सरकारी खैरात आहे असे जो म्हणेल त्याच्यापुढे हा हिशेब अवश्य ठेवा. आणखी एक विसंगती पहा. हाच कामगार आजारी पडला असता तर वर्षातून एक्क्याण्णव दिवसांपर्यंत सत्तर टक्के वेतन मिळण्याची तरतूद होती. रोग झाला तर सत्तर, आणि रोगापायी काम गेले तर पंचवीस! पोटाला लागणारी भाकरी दोन्ही वेळी सारखीच असते.

आणि हे सर्व विमेदारासाठी. बेकारीपूर्वी दोन वर्षे विमायोग्य नोकरी हवी, आणि लगतच्या अंशदान काळात अठ्ठ्याहत्तर दिवसांचा भरणा हवा, अशी अट होती. कंत्राटदार दर काही महिन्यांनी नावे बदलतो, नोकरीत खंड पाडतो, त्याच्या माणसाने ही अट कशी पुरी करावी? दहाहून कमी माणसांचा गाळा तर विम्याच्या बाहेरच. पन्नासांहून कमी कामगार असलेल्या कारखान्यास ले-ऑफच्या भरपाईचे बंधन जुन्या औद्योगिक कलह कायद्यात नव्हते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेतही नाही. नाक्यावर उभा राहणारा बिगारी, धुणीभांडी करणारी बाई, रस्त्यावरचा फेरीवाला यांची तर गणतीच नको. २०२० मध्ये नोंदणीकृत बांधकाम कामगारांना राज्याने प्रथम दोन हजार रुपये दिले, आणि एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत बांधकाम कामगार, घरकामगार, फेरीवाले व रिक्षाचालक यांना दीड हजार रुपये जाहीर केले. त्यातही कळीचा शब्द ‘नोंदणीकृत’ हा. ज्याची नोंद नाही त्याला भूक लागत नाही असा कारभाराचा समज दिसतो.

नोंद कोणाची नसते, हे या पत्राच्या वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही. मळ, मैला, कचरा, ओझे यांची कामे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माथी मारली गेली, तेच आज कंत्राटदाराच्या यादीत सर्वांत खाली असतात. महामारीत इतरांना घरी बसा म्हणताना या माणसांना बाहेर या म्हणण्यात आले. आणि ज्यांना बाहेर येऊ दिले नाही त्यांपैकी जालन्याच्या एका पोलाद कारखान्यातील मजूर गावाकडे पायी निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेल्या सोळा जणांवरून मालगाडी गेली. पत्रा आणि पोलाद घडविणाऱ्या भाईंदरच्या कामगारांचे ते भाऊबंदच होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकर यांनी त्याच काळात केले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा उभा राहिला. त्याआधी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात बाबासाहेबांनी स्त्री कामगारांच्या प्रसूती रजेच्या विधेयकास पाठिंबा दिला होता. काम थांबले म्हणून माणसाची उपासमार होऊ नये, हाच विचार या दोन्ही ठिकाणी आहे. घटनेच्या एक्केचाळिसाव्या कलमात बेकारी, वार्धक्य व आजार यांत राज्याने साहाय्य द्यावे असे लिहिलेले आहे. तेथे ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असे शब्द आहेत, आणि पंचाहत्तर वर्षे राज्यकर्ते त्या शब्दांच्या आडोशाला उभे आहेत. इंग्लंडने १९११ साली बेकारीचा विमा कायदा केला, आणि २०२० च्या महामारीत घरी बसलेल्या कामगाराच्या वेतनाचे ऐंशी टक्क्यांपर्यंत सरकारने भरले. ते राष्ट्र श्रीमंत आहे खरे. परंतु १९११ चा कायदा करणाऱ्यांपुढेही खजिन्याची सबब होतीच.

आमची मागणी स्पष्ट आहे. सरकारच्या हुकमाने काम बंद पडेल तेव्हा बेकारीचा भत्ता आपोआप सुरू झाला पाहिजे. त्यासाठी नवा आदेश निघण्याची वाट पाहावी लागू नये. पन्नास टक्क्यांचा दर कायमचा करून कायद्यात घातला पाहिजे, म्हणजे तो महामंडळाच्या मर्जीवर राहणार नाही. आयुष्यात एकदाच ही अट गेली पाहिजे. लहान गाळ्यांतील कामगारांचा विम्यात समावेश झाला पाहिजे, आणि त्यांच्या मालकाचा हिस्सा काही काळ सरकारने उचलावयास हरकत नसावी.

परंतु मागणी पुरी होईपर्यंत हात जोडून बसू नका. नव्या श्रमसंहितेने प्रत्येक कामगारास नेमणुकीचे पत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे, ते मागा. कोऱ्या कागदावर किंवा तयार राजीनाम्यावर सही करू नका, कारण स्वेच्छेने नोकरी सोडली असे ठरले तर भत्ता जातो. वेतनातून विम्याचे पैसे कापले जात असतील तर आपला विमा क्रमांक मागून घ्या आणि दर महिन्याचा भरणा खरोखर जमा होतो की नाही हे संकेतस्थळावर किंवा शाखा कार्यालयात जाऊन तपासा. वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींनी हे काम एका रविवारी दहा घरांसाठी करावे. कंत्राटदाराने पैसे कापून भरले नसतील तर जबाबदारी मुख्य मालकावर येते, तो हात झटकू शकत नाही. तेव्हा लेखी तक्रार द्या, आणि पोच मिळाल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.