मासे, मी आणि दोन बादल्या

मंडळी, आज एक कबुली. २०१६च्या उन्हाळ्यात अख्खं लातूर घागरी घेऊन रांगेत उभं होतं, तेव्हा माझ्या हॉलमध्ये शंभर लिटर पाण्यात चार एंजलफिश निवांत फिरत होते. मस्त, शिडासारखे उभे पर, चालही एकदम राजेशाही!

मी मूळचा नांदेडचा, नोकरीमुळे लातूरला. ऑफिसातून आल्यावर घर खायला उठायचं, म्हणून टँक घेतला. फंडा सोपा वाटला होता. पण नव्या टँकमध्ये त्याच दिवशी मासे सोडले आणि आठवड्यात दोन गेले. माशांच्या घाणीचा अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार-सहा आठवडे लागतात, हे नंतर कळलं. पुढचा धडा, सोबत सोडलेले निऑन टेट्रा मोठ्या एंजलनी चक्क गिळले! दिसायला देवदूत, पण जात शिकाऱ्याची.

हा पाहुणा मूळचा अमेझॉनच्या खोऱ्यातला. तिकडचं पाणी मऊ, आपल्याकडचं बोअरचं जड. इथेच पैदास झालेले एंजल तेही चालवून घेतात. फक्त बदल हळूहळू हवा, आणि दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलायचं. म्हणजे पंचवीस लिटर. मोठ्या दोन बादल्या.

त्या वर्षी दोन बादल्या म्हणजे काय, हे लातूरकरांना सांगायला नको. मांजरा धरण कोरडं पडलेलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून 'जलदूत' रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, तेव्हा स्टेशनवर ही गर्दी!

त्याच आठवड्यात मी बादली घेऊन जिना चढत होतो. शेजारच्या काकू भेटल्या. "कुणासाठी रे बाळा एवढं पाणी?"

"माशांसाठी, काकू."

काकू काहीच बोलल्या नाहीत. हातातली रिकामी घागर दुसऱ्या हातात घेतली आणि खाली गेल्या. एखादी शिवी दिली असती तर परवडलं असतं!

मग मी कंजुषी सुरू केली. पाणी बदलायचं नाही, उडालेलं तेवढंच भरायचं. पण वाफ होऊन पाणी उडतं, क्षार आणि घाण मागेच राहतात. त्यात उन्हाळ्यात पाणी तापलं की प्राणवायू कमी, आणि लाइट गेली की पंप बंद. माशांनी पर मिटले, खाणं सोडलं. म्हणजे काकूंचीही चोरी आणि माशांचेही हाल.

शेवटी एका रविवारी मासे पिशव्यांत भरले. थोडं पाणी, बाकी हवा. थर्माकोलच्या डब्यात ठेवून एसटीनं नांदेड गाठलं. टंचाई तिकडेही होतीच, पण मित्राच्या वाड्यातल्या विहिरीला पाणी होतं. पिशव्या त्याच्या टँकमध्ये तरंगत ठेवल्या आणि त्यात वाटी-वाटीनं तिथलं पाणी मिसळत तासभर बसलो. चौघंही जगले.

पावसाळा सरता सरता मांजरेत पाणी आलं. मी मासे न्यायला गेलो, तर एका जोडीनं फिल्टरच्या पाइपवर अंडी घातलेली! दोघंही परांनी वारा घालत पहारा देत होते. मित्र म्हणाला, "आता बाळंतिणीला कुठं नेतोस?" दोनच घेऊन परतलो.

आज टँक आहे, पण मासे दोनच. बदललेलं पाणी मोरीत जात नाही. माशांच्या खतावर झाडं सॉलिड वाढतात. मीठ किंवा औषध घातलेलं पाणी तेवढं झाडांना नको.

आता रविवारी सकाळी दारावर थाप पडते. काकू, हातात तीच घागर. "माशाचं पाणी काढलास का रे? मोगरा वाळायलाय माझा!"